बीबीचं मूठधान्य

आमची मंडळी तीन माणसांची होती. देवळात उपासनेला जमणाऱ्या सगळ्यांना मिळून आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो. बीबी गावात आमचं देऊळ नव्हतं आणि ख्रिस्ती घरही आमचं एकच, त्यामुळे बाबा पाळक, आई गाणारी आणि मी एकटी मंडळी. रविवारी सकाळी बाबा पेटीतला काळा कोट काढून घालत, ओसरीत सतरंजी टाकत आणि माझ्यामागे शंभर माणसं बसली आहेत अशा आवाजात म्हणत, "मंडळीनं उभं राहावं." मंडळी उभी राही. "मंडळीनं बसावं." मंडळी बसे. एकदा मंडळीला हिवताप झाला होता, तेव्हा बाबांनी आतल्या खोलीकडे तोंड करून अख्खा उपदेश केला आणि शेवटी आत येऊन कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरला नव्हता. उपदेश बराच लांबला होता, एवढं आठवतं.

बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आज येतील, उद्या येतील असं चाले, म्हणून गावानं बाबांनाच डागदर करून टाकलं होतं. दवाखान्याला लागून आमच्या दोन खोल्या. सकाळी बाटल्या धुण्याचा किणकिणाट, मग चक्कीच्या इंजिनाची पुकपुक, दुपारी एस.टी.चा भोंगा, मशिदीतली बांग, संध्याकाळी मारुतीच्या पारावरचे टाळ. ह्या सगळ्या आवाजांत आमचा आवाज म्हणजे बाबांची जुनी हार्मोनियम. तिची एक पट्टी अडकलेली होती, ती भात्यात हवा गेली की आपोआप वाजायची. आई त्या स्वराला सांभाळून गायची. पुढे मोठ्या देवळात मी तीच गाणी नीट सुरात ऐकली तेव्हा मला ती चुकीची वाटली.

मला भाऊ-बहीण नव्हतं. गावात मैत्रिणी होत्या, नव्हत्या असं म्हणता येणार नाही. पोळ्याला मी बैल बघायला जाई, ईदेला जमिलाचाचीच्या घरी शेवया खाई, दिवाळीत फराळाची ताटं घरी येत. पण प्रत्येक सणाला एक वेळ अशी येते, की घरातली माणसं आत जातात आणि पाहुण्यानं निघायचं असतं. मी ती वेळ बरोबर ओळखायला शिकले होते. चपला पायात सरकवून, "येते हो काकू," म्हणून निघायचं, आणि दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायचं. आमच्या नाताळाला तर आत जायला आणि बाहेर राहायला माणसंच नव्हती. आई करंज्या करी, आम्ही तिघं खात असू, आणि बाबा तिसऱ्या करंजीनंतर म्हणत, "चिखलीला आज काय मजा असेल!"

चिखली हे आमच्या घरात गावाचं नाव नव्हतंच. तिथं देऊळ होतं, घंटा होती, मुलींचं वसतिगृह होतं. आई लहानपणी अशाच बोर्डिंगात वाढलेली, आणि तिच्या तोंडी एक शब्द सारखा असे, 'आपली माणसं'. आपली माणसं अशी प्रार्थना करतात, आपली माणसं एकमेकांना सलाम करतात. मी आपली माणसं वर्षातून दोनदा पाहत असे, एस.टी.नं जाऊन, मागच्या बाकावर बसून, आणि गाडी चुकेल म्हणून शेवटच्या गाण्याच्या आधी उठून. त्या बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या मुली बघितल्या, की त्यांच्यामध्ये आणखी एकीला जागा होईल का ते मी बघत असे. मला तिथं राहायचं होतं. दुसरं काही मागायचं मला त्या वयात सुचलंच नाही.

आता मडक्याचं सांगायला हवं. आमच्या लोकांत मूठधान्याची चाल आहे. बाई दळणाला धान्य काढते तेव्हा त्यातली एक मूठ आधी बाजूला टाकते, ती देवाची. घराघरांतून अशी मडकी भरतात आणि मग ते धान्य देवळात जातं, तिथून कुणा अडल्यानडल्याला. आईचं मडकं ओसरीत जात्याच्या बाजूला, तोंडाला फडकं बांधलेलं. मूठ टाकली की ती फडकं पुन्हा बांधून त्यावर हात ठेवी आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणे. लहानपणी मला वाटे, मडक्यालाच काही सांगते आहे.

शेजारच्या काशीकाकूंना ह्या मडक्याचं फार कुतूहल. त्यांचं दीड एकराचं वावर होतं आणि तोंड दहा एकरांचं. कंबर धरून आमच्या ओसरीच्या कडेला बसत आणि आईला विचारत, "काऊन वं बाई, तुमचा देव ज्वारीच खाते काय? आमच्याले तं नारळ लागते." आई हसे. पण इथं एक गोष्ट साखर न घालता लिहून ठेवते, कारण म्हातारपणी आठवणींना साखर लावायची खोड मला बऱ्याच लोकांत दिसते. काशीकाकू आमच्या घरचं पाणी पीत नसत. माझ्या आईच्या हातून औषधाची बाटली घेत, माझे केस विंचरून देत, पण तहान लागली तर उठून स्वतःच्या घरी जात. हे कुणी बोलायचं नाही, कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, असा दोन्ही घरांचा रिवाज होता. मी मात्र लावून घेत असे. आपल्या माणसांत गेलं, की आपल्या हातचं पाणी सगळे पितात, हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी मी शाळेतली शेवटची परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात चिखलीच्या तरुण संघाचं नागपूरला सेवेसाठी जायचं ठरलं. तिथल्या मंडळीच्या शाळेत उतरायचं, स्टेशनमागच्या वस्तीत जाऊन मुलांना गाणी शिकवायची, आजाऱ्यांची विचारपूस करायची, आणि आपल्या भागातून गोळा केलेलं मूठधान्य गरजू घरांत वाटायचं. मलाही बोलावणं आलं. चिखलीच्या पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची पत्नी, वसतिगृह सांभाळत. नगरकडच्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या पातळाची घडी न मोडू देणाऱ्या. त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, "मुलगी चार लोकांत कशी राहते ते मला बघू द्या. नीट वाटली तर जूनपासून तिला इथं जागा देते. पुढं नर्सिंगला घालू." त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले. आरशासमोर उभं राहून 'मले'चं 'मला' करत होते, 'हाव'चं 'हो'.

निघायच्या दिवशी आईनं धान्याची पिशवी तोंड शिवूनच माझ्या हातात दिली. ती मला वाटली त्यापेक्षा जड होती. काशीकाकू एस.टी.पर्यंत आल्या. "जाय बाई," त्या म्हणाल्या, "तुह्या मानसाइत चालली. खुशीत राह्य." जमिलाचाचीचे यजमान पिंजारी होते, तिच्या अंगाखांद्यावर कायम कापसाचे तंतू. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "उधर जाके हमकू भूल नको, बेटी." मला दोघींपासूनही सुटायची घाई झाली होती. कंडक्टरनं दोरी ओढली तेव्हा मी मागं वळून पाहिलं असेल, नसेल.

देऊळगाव राजाला गाडी बदलून चिखली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर बुलडाण्याचा घाट उतरून मलकापूर, आणि तिथून रेल्वे. चिखलीत सामान कमी करायचं म्हणून मुलांनी सगळ्या पिशव्यांचं धान्य एका मोठ्या पोत्यात ओतलं. माझीही पिशवी शिवण उसवून त्यात रिकामी झाली. मी तेव्हा दुसरीकडं होते. मेबल नावाची एक मुलगी खंजिरी वाजवत होती, तिच्याकडे बघत. मेबल माझ्याच वयाची, चिखलीची, गालावर खळी. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ही माझी मैत्रीण होणार. तिला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

डब्यात मी तिच्या शेजारी बसायला गेले तर ती गोड हसून म्हणाली, "इथं सुशी येतेय गं." नागपूरला शाळेच्या लांब खोलीत अंथरुणं टाकली तेव्हाही तिच्या दोन्ही बाजू धरलेल्या होत्या. कुणी वाईट वागलं नाही. तेच तर अवघड होतं. वाईट वागलं असतं तर मला रागावता आलं असतं. त्या सगळ्यांना एकमेकांची लहानपणं माहीत होती, एकाच पाळण्यातल्या गोष्टी होत्या, अर्ध्या शब्दावर ते हसत आणि मी पूर्ण वाक्य ऐकूनही हसायची वेळ चुकवत असे. संध्याकाळी गोल करून प्रार्थना होई. प्रत्येकानं शेजारच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. माझ्या शेजारचा मुलगा अडखळला आणि म्हणाला, "आणि प्रभू, ह्या बीबीच्या बहिणीला आशीर्वाद दे." तेव्हापासून मी बीबीची बहीण झाले. माझं नाव प्रमिला आहे हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर सगळे आमेन म्हणाले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी धान्य वाटायचं म्हणून पोतं सोडलं, आणि पाळकबाईंनी ओंजळ भरून वर काढली. ज्वारीत तांदूळ होता, मूग होते, बाजरी, हरभऱ्याची डाळ, काळे उडीद, आणि मधूनमधून कापसाचे धागे. "हे काय?" त्या म्हणाल्या. "बाकीच्या पिशव्या मी स्वतः पाहिल्या होत्या. ही कुणाच्या घरची?"

"माझ्या," मी म्हणाले. ते तोंडातून 'माह्या' असंच बाहेर पडलं, आणि कुणीतरी खुदकन हसलं.

"देवाला द्यायचं ते असं खिचडी करून?" पाळकबाई रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "तुझी आई तर बोर्डिंगातली. आपल्याकडे मूठधान्य निवडून, स्वच्छ करून देतात, हे तिला ठाऊक आहे." आमच्या भागात ज्वारी-उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात आणि ठेच्याबरोबर ती असली लागते की काय सांगावं, पण ते नगरच्या बाईंना सांगायची माझी छाती नव्हती. आज असती तर सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "तू आज इथंच थांब आणि हे निवड. बाकीचे चला."

सगळे गाणी म्हणत फाटकाबाहेर गेले. खंजिरीचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही थांबला. व्हरांड्यात मी, सूप, चाळणी आणि पोतं. नागपूरचं मेमधलं ऊन अंगणात उभं. मी इतकी एकटी त्याआधी कधी नव्हते. बीबीत एकटी असताना 'आपली माणसं' नावाची एक जागा दूर कुठंतरी होती. इथं त्या जागेत येऊन बसले होते, आणि आता पुढं जायला काही उरलं नव्हतं. आईचाही राग आला. आमच्याकडे तांदूळ नाताळाखेरीज शिजत नसे, बाजरी बाबांना सोसत नसे, मग हे आलं कुठून? आईनं कुठलं झाडून भरलं ह्यात?

मी तांदूळ वेगळा करायला घेतला. कणी होती, फुटका तांदूळ, ईदेच्या खिरीला जमिलाचाची आणते तसला. त्याला कापसाचा तंतू चिकटलेला होता. तो बोटानं सोडवताना माझा हात थांबला. बीबीत कापसाचे तंतू एकाच घरातल्या धान्याला असत. मी पुन्हा पोत्यात हात घातला आणि ज्वारी तळहातावर पसरून पाहिली. आईची ज्वारी बाजारातली, बारीक. हिच्यात टपोरे, टोकाला काळा ठिपका पडलेले दाणे होते. कणसं उभी असताना अवकाळी पाऊस झाला होता आणि काशीकाकू आमच्या ओसरीवर बसून डोक्याला हात लावून म्हणाल्या होत्या, "दाना भरला, पन तोंड कायं झालं ना वं." ती ज्वारी. कोरड्या धान्याला विटाळ नसतो, तिकडचं इकडे चालतं, इकडचं तिकडे. पाणी चालत नसे, पण मूठ चालत होती. मी शाळेत गेले असताना, दुपारी, ह्या बाया औषधाला म्हणून येत असणार, आणि आईच्या मडक्याचं फडकं सोडून एकेक मूठ टाकून जात असणार. मूग कुणाचे, बाजरी कुणाची, हे मला आजही माहीत नाही.

मी रडले. हळू नाही, चांगली हुंदके देऊन रडले, कारण ऐकायला कुणी नव्हतं. मला बीबीची आठवण येत होती, आणि बीबीची आठवण येईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. ज्यांच्या दारातून मी वेळ ओळखून निघत असे, त्या बाया माझ्या पाठीमागे माझ्या घरात येऊन काहीतरी ठेवून जात होत्या, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाळकबाई इतरांच्या आधी परतल्या. त्यांच्या हातात माझ्यासाठी लिंबाचं सरबत होतं, वाटेवरून आणलेलं, अर्धं सांडलेलं. त्यांनी ढीग पाहिले. ज्वारी एकीकडे, बाकीचे छोटे छोटे बाजूला. तांदूळ आणि मूग एका आजारी म्हाताऱ्याला पेजेसाठी देऊ, म्हणाल्या. मग माझ्याजवळ खाली बसल्या, पातळाची घडी मोडली तरी. "तक्रार न करता काम करतेस," त्या म्हणाल्या. "मला अशीच मुलगी हवी. जूनपासून ये. खिडकीजवळची खाट तुला देते. येशील ना?"

मला सांगायचं होतं की हे धान्य खिचडी नाही. पण ते सांगायला शब्द लागतात, आणि माझे अर्धे शब्द मी आरशासमोर टाकून आले होते. मी "हो" म्हणाले. मला तेच हवं होतं. त्या हो-मुळे मी नर्स झाले, नंतर सिस्टर, मेट्रन, सगळं झालं. आजही विचारलं तर हो-च म्हणेन. माझे सुजलेले डोळे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, आनंदानं इतकं रडायचं का?" त्यालाही मी हो म्हणाले.

बीबीला परतले त्या दुपारी आई जात्यापाशी होती. पिशवीची रिकामी घडी तिच्यापुढे ठेवून मी विचारलं, "आई, ह्यात कुणाकुणाचं होतं?" तिनं घडी उचलून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तू जाणार हे कळलं तसं सुरू झालं. काशीबाईंनी पहिली मूठ टाकली. पोर रिकाम्या हातानं कशी जाईल तिच्या लोकांत, म्हणाल्या. मग दुसऱ्यांनी पाहिलं."

"मग मला का नाही सांगितलंस? आणि बाबांना?"

"तुझ्या बाबांना सांगितलं असतं, तर त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं असतं, हे चालतं का म्हणून. आणि पाळकसाहेबांनी त्यांच्या वरच्यांना. तोवर धान्याला किडे झाले असते." आई पुन्हा जातं ओढू लागली. "आणि निवडून द्यायचं मला समजत नाही असं नाही. पण निवडलं असतं, तर कुणाचं काय ते वेगळं काढावं लागलं असतं. माझा हात धजला नाही."

एवढ्यात काशीकाकू आल्या. मला पाहून ओसरीच्या कडेला बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याच्या अलीकडे. ऊन डोक्यावर होतं, त्या चालून आल्या होत्या आणि त्यांना तहान लागली असणार. मी तांब्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आली का वं माय," त्या म्हणाल्या. "कशी वाळून गेली! भेटले का तुहे मानसं?"

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी ओच्यातून ज्वारी काढली, मडक्याचं फडकं सोडलं आणि मूठ आत टाकली. मडकं रिकामं होतं, त्यामुळं दाण्यांचा आवाज झाला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, मी जूनपासून चिखलीलेच राहीन. बोर्डिंगात. तिकडंच शिकीन."

काशीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. आईनं जातं थांबवलं.

"जूनले?" त्या म्हणाल्या. "मंग तं दिस कमी राह्यले ना वं." आणि त्यांनी ओच्यात पुन्हा हात घालून दुसरी मूठ भरली.